गंधाचा रसिक शास्त्रज्ञ

चित्राला समीक्षक असतो, संगीताला असतो, नाटकाला तर असतोच असतो. उपाहारगृहातील पदार्थांचे गुणदोषही आता वर्तमानपत्रांतून छापून येतात. अत्तराच्या वाट्याला मात्र फार काळपर्यंत केवळ जाहिरात आली. सुंदर स्त्रीचे छायाचित्र, त्याखाली बाटली, आणि त्याखाली दोन-चार मोघम शब्द. बाटलीतील द्रव्य चांगले आहे की वाईट, नवे आहे की जुन्याचीच नक्कल, हे सांगण्याची जबाबदारी कोणी घेत नसे. १९९२ साली पॅरिसमध्ये फ्रेंच भाषेत एक मार्गदर्शिका प्रसिद्ध झाली आणि या स्थितीत थोडा बदल झाला. तिचा लेखक अत्तराचा व्यापारी नव्हता, फॅशनच्या मासिकाचा पत्रकारही नव्हता. तो जैवभौतिकीचा संशोधक होता. त्याचे नाव लुका ट्युरिन.

ट्युरिन यांचा जन्म १९५३ साली बैरूत येथे इटालियन वंशाच्या कुटुंबात झाला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी डॉक्टरेट मिळवली, फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत काम केले आणि नंतर युनिव्हर्सिटी कॉलेजातच ते जैवभौतिकी शिकवू लागले. अत्तरे जमविण्याचा आणि हुंगण्याचा छंद त्यांना होताच. मार्गदर्शिकेमुळे सुगंध-उद्योगाच्या प्रयोगशाळांची एरवी कडेकोट बंद असणारी दारे त्यांच्यासाठी किलकिली झाली. २००३ पासून झुरिचच्या एका नामवंत वृत्तपत्राच्या मासिक पुरवणीत त्यांनी कित्येक वर्षे सुगंधावर स्तंभ लिहिला. २००६ साली ‘द सीक्रेट ऑफ सेंट’ आणि २००८ साली तानिया सांचेझ यांच्यासमवेत लिहिलेले ‘परफ्यूम्स : द गाइड’ ही इंग्रजी पुस्तके आली. या दुसऱ्या ग्रंथात हजाराहून अधिक अत्तरांची एक ते पाच तारे देऊन परीक्षणे केली आहेत. जगप्रसिद्ध कंपनीच्या महागड्या अत्तराला एक तारा आणि कोपऱ्यातल्या दुकानातील स्वस्त बाटलीला पाच तारे, असा निर्भीड न्याय त्यात आढळतो. आयुष्यभर कर्ज-प्रस्तावांची छाननी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा हिशेबी सडेतोडपणा आवडला, हे कबूल करतो. नाव मोठे म्हणून पत मोठी, असे मानणारा अधिकारी बँकेला बुडवतो.

ट्युरिन यांचे म्हणणे थोडक्यात असे : उत्तम अत्तर ही रचना आहे. तिच्यात आरंभ, मध्य आणि अखेर असते, तिला स्वतःचा विचार असतो. म्हणून तिचे परीक्षण ग्रंथाप्रमाणे किंवा संगीताप्रमाणे झाले पाहिजे. ती अंगाला लावल्याने आपण कोणाला आवडू, हा प्रश्न त्यांच्या लेखी जवळजवळ गैरलागू आहे.

अत्तराला आरंभ-मध्य-अखेर असते, ही केवळ उपमा नव्हे. द्रव्यांचे रेणू लहान-मोठे असतात. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांच्या तेलांतील लहान रेणू काही मिनिटांत उडून जातात. गुलाब-जाईचे रेणू तास-दोन तास टिकतात. चंदन, कस्तुरी, राळ यांचे जड रेणू दुसऱ्या दिवशीही कपड्यावर रेंगाळतात. म्हणजे रचनाकाराला एकच वास बनवायचा नसतो. एकामागून एक उलगडणारी मालिका बनवायची असते, आणि प्रत्येक टप्प्यावर मागचे व पुढचे यांचा मेळ राखायचा असतो. संगीतात हे काम काळाच्या आधारे होते, येथे बाष्पीभवनाच्या आधारे.

मग या कलेचा जन्म केव्हा झाला? येथे ट्युरिन यांचे उत्तर अनेकांना धक्कादायक वाटते. फुलांपासून तेल काढणे हे थोर कसब आहे, पण गुलाबाचा वास गुलाबासारखाच निघावा यातच त्याचे यश. अत्तर कला झाले ते रसायनशाळेतील कृत्रिम द्रव्ये हाती आल्यावर. १८६८ साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने कुमारिन कृत्रिमरीत्या तयार केले. कापून वाळत घातलेल्या गवताला जो गोडसर वास येतो, तो बव्हंशी त्याचाच. १८७४ मध्ये जर्मनीत व्हॅनिलिन तयार झाले. १८८२ साली ऊबिगां या फ्रेंच पेढीच्या पॉल पार्के यांनी कुमारिन वापरून ‘फूजेर रोयाल’ नावाचे अत्तर सिद्ध केले. ‘फूजेर’ म्हणजे नेचा. आता नेच्याला सांगण्यासारखा गंधच नाही! म्हणजे जी वस्तू निसर्गात नाही तिचा गंध एका माणसाने कल्पनेने रचला. निसर्गाची नक्कल सुटली आणि रचना सुरू झाली, ती येथे. पुढे १८८९ मध्ये एमे गेर्लें यांचे ‘जिकी’ आले. १९२१ मध्ये एर्नेस्त बो यांनी शनेल यांच्यासाठी पाचव्या क्रमांकाचे अत्तर बनविले; त्यात जाई-गुलाबावर आल्डिहाइडांचा जो थंड, चकचकीत प्रकाश पडतो, तो कोणत्याही बागेत सापडणार नाही.

‘नैसर्गिक ते चांगले, रासायनिक ते हलके’ ही आपल्या घराघरांतील समजूत या इतिहासापुढे टिकत नाही.

ट्युरिन यांच्या विशेष आवडीचे एक अत्तर म्हणजे १९१९ सालचे ‘मित्सुको’. रचनाकार जाक गेर्लें. त्याच्या दोन वर्षे आधी फ्रांस्वा कोती यांनी ‘शीप्र’ नावाचे अत्तर काढले होते : वर बर्गमॉटचा आंबट-ताजा गंध आणि तळाशी ओकमॉसचा ओलसर, काळपट, अरण्यासारखा गंध. ओकमॉस म्हणजे ओक वृक्षाच्या सालीवर वाढणारी एक दगडफुलासारखी वनस्पती. आपल्या गोड्या मसाल्यातील दगडफूल याच जातकुळीतले. तेलात परतताना त्याचा जो गूढ, मातकट वास सुटतो, तो आठवला म्हणजे ओकमॉसची दिशा समजेल. जाक गेर्लें यांनी कोतींच्या या आराखड्यात एका कृत्रिम द्रव्याची भर घातली. त्या द्रव्याला पिकलेल्या पीच फळाचा वास येतो. आंबट आरंभ आणि अंधारा तळ यांच्यामध्ये जी पोकळी होती ती या एका द्रव्याने भरून निघाली. शंभर वर्षे उलटली तरी ही रचना जुनी वाटत नाही, असे जाणकार म्हणतात. याच जाक गेर्लें यांनी १९२५ साली ‘शालिमार’ सिद्ध केले. नाव मोगलांच्या उद्यानावरून घेतलेले, गाभा मात्र प्रयोगशाळेतील व्हॅनिलाचा.

अशा गोष्टी लिहिताना शब्द अपुरे पडतात. रंगांना तांबडा-पिवळा अशी स्वतंत्र नावे आहेत. गंधाला मात्र आपण ‘गुलाबासारखा’, ‘मातीसारखा’, ‘औषधासारखा’ असे उसन्या शब्दांनीच ओळखतो. आपल्या शास्त्रांनीही हे जणू ओळखले होते. पुद्गलाचे स्पर्श, रस, गंध आणि वर्ण असे चार गुण सांगताना स्पर्शाचे आठ, रसाचे पाच, वर्णाचे पाच प्रकार गणले. गंधाचे मात्र दोनच, सुगंध आणि दुर्गंध. ट्युरिन यांच्या लेखनाचे खरे यश मला येथे दिसते. उसने शब्दच वापरावे लागणार असतील, तर ते संगीतातून, स्थापत्यातून, हवामानातून, कोठूनही आणावेत, पण नेमके आणावेत, हे त्यांनी दाखवून दिले.

पण हा माणूस मुळात शास्त्रज्ञ. आपल्याला गंध कळतो तरी कसा, या प्रश्नाने त्यांना पछाडले होते. रूढ मत असे की, गंधरेणू नाकातील ग्राहक प्रथिनांत किल्ली कुलपात बसावी तसा बसतो. म्हणजे रेणूचा आकार महत्त्वाचा. ट्युरिन यांनी १९९६ साली एक वेगळा सिद्धांत मांडला. प्रत्येक रेणूतील अणू सतत कंप पावत असतात आणि नाक हे ते कंपन ओळखणारे यंत्र आहे, असे त्यांचे प्रतिपादन. कल्पना अगदी नवी नव्हती. माल्कम डायसन या शास्त्रज्ञाने ती १९३८ मध्ये मांडली होती. ट्युरिन यांनी तिला इलेक्ट्रॉनच्या पुंजभौतिकीची जोड दिली. त्यांचा एक दाखला लक्षवेधी होता. गंधकयुक्त रेणूंना सडक्या अंड्याचा किंवा उकडलेल्या कांद्याचा वास येतो. बोरॉन-हायड्रोजनयुक्त काही रेणूंत गंधक नावालाही नाही आणि आकारही अगदी निराळा. परंतु त्यांची कंपने गंधकाच्या रेणूंशी जुळतात, आणि ट्युरिन यांच्या नाकाला त्यांचा वासही तसाच आला.

प्रतिष्ठित ‘नेचर’ या नियतकालिकाने हा लेख नाकारला. तो दुसऱ्या, तुलनेने लहान नियतकालिकात आला. चँडलर बर या अमेरिकी पत्रकाराने या संघर्षावर ‘द एम्परर ऑफ सेंट’ हे पुस्तक लिहिले आणि ट्युरिन यांना प्रस्थापितांशी झुंजणारा नायक केले. पुस्तक रंजक आहे, पण विज्ञान सहानुभूतीवर चालत नाही. एकाच आकाराचे पण वेगळ्या कंपनांचे रेणू बनविता येतात. साध्या हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन घातला की झाले. ट्युरिन खरे असतील तर त्या दोहोंचे वास भिन्न यावेत. २००४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील दोन संशोधकांनी हा प्रयोग माणसांवर केला. लोकांना फरक कळला नाही. पुढे २०११ मध्ये ट्युरिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी माश्यांवर, आणि २०१३ मध्ये कस्तुरीसदृश रेणू घेऊन माणसांवर, आपल्या बाजूचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. माशांच्या प्रयोगात त्यांना विजेचे धक्के देऊन शिकवले गेले, हे वाचून मन खट्टू झाले. चतुरिंद्रिय जीव; त्याला घ्राण आहे, तशी वेदनाही आहे. त्यानंतरच्या बहुतेक प्रयोगांचा कौल ट्युरिन यांच्या विरुद्ध गेला.

शिवाय एक साधी अडचण आपल्या स्वयंपाकघरातच आहे. पुदिना आणि बाळंतशोपा या दोहोंच्या वासाचे मुख्य द्रव्य एकच, कार्व्होन. फक्त एकाचा रेणू दुसऱ्याचे आरशातील प्रतिबिंब, उजव्या-डाव्या हातांसारखा. दोघांची कंपने तंतोतंत सारखी, वास मात्र कोणी डोळे मिटूनही वेगळे ओळखील. गंधग्राहकांची जनुके शोधणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना २००४ चे नोबेल मिळाले. माणसात असे सुमारे चारशे ग्राहक आहेत. २०२३ साली तर एका मानवी ग्राहकात गंधरेणू नेमका कसा बसतो याचे चित्रच शास्त्रज्ञांनी मिळविले. आज ट्युरिन यांचा सिद्धांत बहुसंख्य तज्ज्ञांना मान्य नाही. काही सुहृद येथे अनेकांतवाद पुढे करतील आणि दोघेही आपापल्या परीने खरे, असे म्हणतील. माझ्या मते हा अनेकांताचा गैरवापर आहे. अनेकांत वस्तूच्या अनेक बाजू पाहावयास सांगतो, प्रयोगाने खोटे ठरलेले खरे मानण्यास सांगत नाही. आणि तरीही, सिद्धांत पडला म्हणून रसिकाची दृष्टी पडली असे होत नाही. वीणेची तार का वाजते याविषयी चुकीचे मत असलेला माणूसही उत्तम श्रोता असू शकतो.

अत्तर ही कला आहे की नाही, हा प्रश्न केवळ रसिकांपुरता राहिला नाही. तो न्यायालयात गेला, आणि व्यापारी वाचकांना हा भाग अधिक जवळचा वाटेल. २००६ सालच्या जून महिन्यात तीन दिवसांच्या अंतराने दोन देशांच्या सर्वोच्च न्यायालयांनी अगदी उलट निकाल दिले. १३ जूनला फ्रान्सच्या न्यायालयाने ठरविले की, अत्तराचा गंध हा कसबाच्या वापरातून निर्माण होतो. तो लेखकाच्या कृतीप्रमाणे संरक्षणास पात्र नाही. १६ जूनला नेदरलँड्सच्या न्यायालयाने लांकोम कंपनीच्या ‘त्रेझोर’ या अत्तराच्या बाबतीत मान्य केले की, गंधालाही कृतिस्वाम्य असू शकते. ज्या देशाने ही कला जगाला दिली त्यानेच तिला कारागिरी ठरवावे, आणि शेजारच्या व्यापारी देशाने तिला कला म्हणावे, ही गंमत विचार करण्याजोगी आहे.

परिणाम साधा नाही. वायुवर्णलेखन नावाच्या यंत्राने आज कोणत्याही अत्तराचे घटक अल्पावधीत शोधता येतात. सूत्र गुप्त ठेवणे हाच एके काळी पेढीचा किल्ला होता, तो ढासळला. कायद्याचे संरक्षण नाही, गुपितही उरले नाही, मग रचनाकाराची मालमत्ता कोणती? उत्तर बाटलीवर छापलेले असते : नाव आणि चिन्ह. त्यांचे रक्षण कायदा करतो. बाटलीच्या किमतीत आतील द्रवाचा वाटा अल्प आणि जाहिरात, वेष्टन, दुकानदाराचा नफा यांचा मोठा, याचे एक कारण हेही आहे. ज्याचे रक्षण होते त्यावरच पैसा खर्च होणार.

आता आपल्या घरातला प्रश्न. श्रावकाच्या चौदा नियमांत ‘कुसुम’ आणि ‘विलेपन’ या दोन गोष्टींची रोजची मर्यादा ठरवावयाची असते. हुंगण्याच्या आणि अंगाला लावण्याच्या वस्तू त्यांत येतात. त्याच वेळी अष्टप्रकारी पूजेत चंदन, पुष्प, धूप आहेत आणि वासक्षेपाचा गंध तर आपल्या बालपणात मिसळलेला आहे. म्हणजे परंपरेने गंधाला त्याज्य म्हटले नाही, मोजून घ्यावयास सांगितले. परंतु मोजण्याआधी एक प्रश्न येतो : तो आला कोठून?

जुन्या अत्तरविद्येचे चार आधारस्तंभ प्राण्यांचे होते. कस्तुरी नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीतून. फासे मात्र मादी आणि पाडसे यांनाही सोडत नाहीत. जवादी मांजराला पिंजऱ्यात कोंडून त्याच्या ग्रंथीतील द्रव्य खरवडून काढीत. बीव्हर या प्राण्याची ग्रंथी त्याला मारून मिळे. अंबर तेवढे देवमाशाच्या पोटातून समुद्रात पडून किनाऱ्याला लागे, तरी त्याचा व्यवहारही आपल्या वन्यजीव कायद्याने निषिद्ध आहे. ‘व्हेलची उलटी’ पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. या क्रौर्यातून सुटका केली ती उपदेशाने कमी आणि रसायनशास्त्राने अधिक. १८८८ साली आल्बर्ट बाऊर हा स्फोटक द्रव्यांवर काम करीत होता. त्याच्या हाती कस्तुरीसारखा वास येणारे द्रव्य लागले. १९२६ मध्ये लेओपोल्ड रुझिच्का यांनी खऱ्या कस्तुरीतील मुख्य रेणूची रचना उलगडली. पुढे १९३९ चे नोबेल त्यांना मिळाले. अंबराच्या वासाचा रेणू आज क्लॅरी सेज नावाच्या वनस्पतीपासून बनवितात. ज्या कृत्रिम द्रव्यांनी अत्तराला कला बनविले, त्यांनीच ते अहिंसेच्या जवळ आणले, हा योगायोग मला फार मोलाचा वाटतो. ट्युरिन यांनी हा मुद्दा आपल्या दृष्टीने मांडलेला नाही. तो आपण मांडावयास हवा.

मुंबईत असताना तारण-मालाच्या तपासणीसाठी सुगंधी द्रव्यांच्या गोदामात जाण्याचे प्रसंग मला आले. एका पिंपावर ‘कस्तुरी’ असे लिहिलेले पाहून मी थबकलो. पेढीचे वृद्ध मालक हसून म्हणाले, “साहेब, नाव तेवढे कस्तुरीचे, माल कारखान्याचा. हरणाची कस्तुरी आमच्या आजोबांनीच बंद केली. गिऱ्हाईक रागावले, पण गेले नाही.” साठापत्रकात ती ओळ मी ‘कृत्रिम’ असा शब्द जोडून लिहिली.

याचा अर्थ कनौजचे महत्त्व कमी होते असे नाही. तेथे आजही तांब्याच्या देगेत फुले व पाणी घालून, बांबूच्या नळीने वाफ भपक्यात उतरवून ती चंदनाच्या तेलात मुरवितात. पहिल्या पावसाचा वास साठविणारे मिट्टी अत्तर तर जगात अनोखे. भाजलेल्या मातीच्या तुकड्यांपासून ते निघते. १९६४ साली दोन ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी पावसाच्या गंधाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले तेव्हा या भारतीय अत्तराचा त्यांनी उल्लेख केला होता. मात्र चंदन दुर्मीळ झाल्यापासून चंदनतेलाच्या जागी खनिज तेलासारखे स्वस्त माध्यम वापरण्याचा मोह वाढला आहे. अस्सल म्हणून विकत घेताना माध्यम कोणते, हे विचारण्यास संकोच करू नये.

युरोपातील अत्तरांवर वेगळेच संकट आले आहे. ओकमॉसमधील काही घटकांनी काहींच्या त्वचेला बाधा होते, म्हणून त्याचे प्रमाण नियमांनी घटविले गेले. त्यातील दोन घटकांवर युरोपीय संघाने २०१७ साली बंदीच घातली. ‘मित्सुको’सारख्या रचना त्यामुळे पुन्हा जुळवाव्या लागल्या. नाव तेच, बाटली तीच, आतला तळ बदललेला. ट्युरिन यांनी या बदलांविरुद्ध सातत्याने लिहिले. त्वचेची काळजी योग्यच. पण जुन्या चित्रातील एखादा रंग विषारी ठरला म्हणून संग्रहालय मूळ चित्रावर नवा रंग फासत नाही.

अशा मूळ रचना जपण्यासाठी १९९० साली फ्रान्समध्ये व्हर्साय येथे ‘ऑस्मोथेक’ नावाचे गंधसंग्रहालय स्थापन झाले. तळघरात, अंधारात, बारा अंश तापमानात, हवेचा संपर्क टाळण्यासाठी आर्गॉन वायूच्या आवरणाखाली तेथे अत्तरे ठेवलेली असतात. बाजारातून कधीच लुप्त झालेली ‘फूजेर रोयाल’ आणि कोतींचे ‘शीप्र’ ही जुन्या सूत्रांनुसार पुन्हा सिद्ध करून तेथे ठेवली आहेत. पाहुण्यांना ती अंगावर लावावयास मिळत नाहीत. कागदाची एक अरुंद पट्टी द्रवात बुडवून हातात दिली जाते. ती हुंगावी, काही क्षण थांबावे, पुन्हा हुंगावी, आणि परत द्यावी.